देवाने बोललेला नवस

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. गोव्याहून, मुंबईहून, वसईहून गाड्या येतात. रांगेत ख्रिस्ती नसलेली माणसंही पुष्कळ असतात. आम्ही नाशिकमधल्या शरणपूरचे, प्रोटेस्टंट. मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आमच्यात रीत नाही, पण माझी एक कॅथलिक मैत्रीण मला दर वर्षी ओढून नेते आणि मीही जाते. दोन वर्षांपूर्वी रांगेत माझ्यापुढे सिन्नरकडची एक मावशी उभी होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मेणाचं बाळ. उन्हाने ते मऊ पडेल म्हणून ती पिशवी सारखी पदराखाली धरत होती.

रांग लांब असली की बायका बोलू लागतात. तिच्या सुनेला मूल होत नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून ती इथे येऊन नवस बोलून गेली, आणि वर्षाच्या आत नातू झाला. त्यानंतर यायचं राहूनच गेलं. एक साल कांद्याला भाव नव्हता, एक साल नवऱ्याचं पाय मोडण्याचं निमित्त झालं. तिसऱ्या वर्षी नातवाला झटके येऊ लागले. गावात जो तो म्हणाला, नवस फेडायचा राहिला. मग तिने व्याजाने तीन हजार काढले आणि ती आली. दवाखाना चालू आहे ना, असं मी विचारलं. हो, सरकारी दवाखान्यात नेतो, गोळ्या चालू आहेत, म्हणाली. मग जरा जवळ सरकून, आवाज खाली घेऊन तिने विचारलं, "ताई, तुमचा देव लई रागीट आहे का हो?"

मी नाही म्हटलं. पुढे मात्र मला काही सुचलं नाही. जन्म ख्रिस्ती घरात गेलेला, रविवारची शाळा शिकवलेली, आणि एका घाबरलेल्या आजीला सांगायला माझ्याकडे दोन वाक्यं नव्हती. हा लेख तिला द्यायच्या उत्तराचा आहे. ते तिच्यापुरतंच नाही, कारण तिच्या प्रश्नातून आपल्या शहरात, राज्यात चाललेल्या, ख्रिस्ती सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष का, या एका मोठ्या वादाचं उत्तरही मला दिसतं.

नवसाला मी नावं ठेवत नाही. ज्याच्याकडे वशिला नाही आणि गाठीला पैसाही नाही, त्याच्यापाशी देवाला द्यायला शेवटी शब्दच उरतो. पण नवसाची चाल पाहा. आधी माणूस बोलतो, मग देव देतो, मग माणूस फेडतो. शेवटचा हप्ता नेहमी माणसाकडे असतो, आणि तो चुकला की भीती सुरू होते. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा काय, असं मला आज कुणी विचारलं, तर त्या मावशीच्याच भाषेत मी सांगेन: इथे नवस देवाने बोलला, आणि फेडलाही देवानेच.

हे माझ्या पदरचं नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात, एक विलक्षण प्रसंग आहे. अब्राम म्हातारा झालेला, पोटी मूल नाही. देव त्याला म्हणतो, आकाशातले तारे मोज, तुझी संतती इतकी होईल. मग हा देशही तुला वतन देईन, म्हणतो. अब्राम विचारतो, हे मी कशावरून समजू? तेव्हा देव त्याला तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. जनावरं मधोमध चिरून अर्धी अर्धी समोरासमोर मांडायची, मधे वाट सोडायची. त्या काळी करार असाच होई. दोन्ही पक्ष त्या तुकड्यांमधून चालत जात. अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो. अब्राम दिवसभर मांसावर झडप घालणारी गिधाडं हाकलत बसतो. सूर्य मावळतो आणि त्याला गाढ झोप लागते. दाट अंधारात एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल त्या तुकड्यांमधून पुढे जाते. देव एकटाच चालत जातो. अब्राम झोपलेलाच राहतो, त्याला चालायला कुणी सांगत नाही.

शब्द मोडला तर तुकडे व्हायची अट देवाने दोन्ही बाजूंनी स्वतःवर घेतली, असं ख्रिस्ती माणूस इथे वाचतो. मग पुढची सगळी कथा वेगळ्या उजेडात दिसू लागते. माणूस शब्द मोडत राहतो, देव मात्र वचन वाढवत नेतो. एदेन बागेत झाडांआड लपलेल्या आदाम आणि हव्वेला हाक मारल्यावर, त्यांनी क्षमा मागायच्या आधी, स्त्रीची संतती सर्पाचं डोकं ठेचील, असा शब्द दिला गेला होता. अब्रामाला, म्हणजे पुढच्या अब्राहामाला, सांगितलं गेलं की तुझ्यामुळे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. दावीद राजाला अढळ सिंहासनाचं वचन मिळालं. मीखा संदेष्ट्याने बेथलेहेमाचं, येशू पुढे जिथे जन्मला त्या गावाचं नाव घेतलं, यहूदातल्या एका लहानशा गावाचं. आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात तो सेवक येतो, तुच्छ मानलेला, माणसांनी टाकलेला, जो आमचे व्याधी वाहतो आणि कातरणाऱ्यापुढच्या मेंढीसारखा गप्प राहतो.

हे सगळं मागाहून जुळवलं असेल, असं अनेक जण म्हणतात. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत मेंढपाळांना जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची सात मीटरहून लांब अशी जवळजवळ पूर्ण प्रत आहे, आणि ती येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षांची आहे. त्रेपन्नावा अध्याय तिच्यात आहे. म्हणजे मजकूर तरी मागाहून घुसवलेला नाही. अर्थ लावणं हा वेगळा प्रश्न, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कित्येक यहुदी अभ्यासकांच्या मते तो सेवक म्हणजे दुःख सोसणारं इस्राएल राष्ट्रच. ते त्यांचं शास्त्र आहे, आमच्या आधीपासून त्यांचं आहे, त्यांना खोटं पाडायची मला गरज वाटत नाही. मला त्यात येशू दिसतो, आणि दिसतो तो क्रूसामुळे दिसतो.

क्रूसाबद्दल आपण फार सवयीने बोलतो. गळ्यात सोन्याचा घालतो, रिक्षाच्या काचेवर चिकटवतो. रोमन राज्यात ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत. मरणाला उशीर लागावा आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं, यासाठी ती योजलेली. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहितो, की येशू देवाच्या स्वरूपाचा असून त्याने दासाचं रूप घेतलं. दासाचं रूप घेतलं आणि दासाचंच मरण मेला. हे वाक्य आमच्या शरणपूरला फार जवळचं आहे. त्याकडे मी येतेच.

त्याआधी एक आक्षेप आहे, जो मराठी माणसाला लगेच सुचतो. माझी आजी ख्रिस्ती घरात सून म्हणून आली, पण जात्यावर चांगुणेची गाणी म्हणायची. श्रियाळ राजा, चांगुणा राणी आणि त्यांचा चिलया बाळ. दारात अतिथी येतो आणि पोटच्या पोराचं मांस मागतो. चांगुणा रांधते. मस्तक तेवढं आठवणीसाठी बाजूला ठेवते, तर अतिथी तेही मागतो, आणि डोळ्यांत पाणी न आणता उखळात कांडायला लावतो. आजी तिथवर आली की जातं थांबवायची. गोष्टीचा शेवट गोड आहे, चिलया धावत परत येतो, अतिथी म्हणजे साक्षात शंकर असतो. पण मधलं ते उखळ विसरता येत नाही. माझ्या एका वर्गमैत्रिणीने कॉलेजात विचारलं होतं, "तुमच्या गोष्टीत तरी वेगळं काय? बापाने मुलाला बळी दिलं, आणि त्याला प्रेम म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता, आणि तिला राग यायलाच हवा होता. बाप दूर सिंहासनावर बसला आहे आणि तिसऱ्याच कुणाला मारून त्याचा राग शांत होतो आहे, असं चित्र कुणी रंगवत असेल तर तो देव मलाही नको. काही उपदेशक तसं रंगवतात, त्यात त्यांचा दोष आहे. नव्या करारात हे चित्र नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः सांगतो, माझा प्राण माझ्यापासून कोणी हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. पौल करिंथकरांना लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. खिळे ज्याच्या हाताला ठोकले तो आणि ज्याने शब्द दिला तो, हे दोन परके पक्ष नाहीत. म्हणून मला चिलयाची गोष्ट खोटी वाटत नाही, उलट तिच्यामुळे आमची गोष्ट जास्त कळते. चांगुणेच्या गोष्टीत भक्ताच्या दारात येऊन देव मागतो. इथे देव माणसाच्या दारात येतो आणि उखळात स्वतः बसतो.

आता त्या मोठ्या वादाकडे वळते. ख्रिस्ती लोकांची सेवा म्हणजे आमिष, शाळा-दवाखाने म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ, हे आपण सगळेच वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरीने, फसवून किंवा प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि म्हटलं की राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करवून घ्यायचा नाही. आज अनेक राज्यांत असे कायदे आहेत. सुरतेला किंवा भोपाळला काही घडलं की त्याचे पडसाद आमच्या नात्यागोत्यातही उमटतात.

ख्रिस्ती माणूस म्हणून मला वाईट वाटतं, पण मी सुरुवात आमच्यापासून करते, कारण देवाने नवस बोलला हे खरं मानलं तर आमिष हा शब्द आधी आम्हालाच टोचायला हवा. ज्याच्यापाशी अट घातली जात नाही ते प्रेम आम्हाला मिळालं, अशी आमची साक्ष आहे. मग आमच्या धान्याच्या पिशवीला, औषधाच्या गोळीला, शाळेतल्या जागेला दोरा बांधलेला कसा चालेल? दोरा अगदी बारीक असला तरी तो क्रूसाला खोटं पाडतो.

आणि असे दोरे असतात. मी पाहिले आहेत. एके ठिकाणी धान्यवाटपाच्या वहीत नाव, पत्ता, घरातली माणसं यांच्यापुढे एक रकाना होता, उपासनेला येतात का. रकाना भरणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला वरती अहवाल द्यायचा होता. पण रांगेतली बाई ते वाचू शकत होती. ती तिथे काय बोलणार? मोठ्या मंडपांत आणखी एक चाल बोकाळली आहे. देवाच्या कामाला बी पेरा, शंभर पट उगवेल, असं सांगून लोकांकडून पैसे काढायचे. त्या मावशीने व्याजाने काढलेले तीन हजार आणि हे बी यांत मला फरक दिसत नाही. एकीकडे न फेडल्याची भीती, दुसरीकडे जास्त मिळण्याची हाव, आणि मधे कुठेतरी तो अंधारात एकटा चालत गेलेला देव हरवतो.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येतात. येशू त्यांना याजकांना जाऊन दाखवा म्हणतो, आणि जाता जाता ते बरे होतात. एक परत येतो, तोही शोमरोनी, यहुद्यांनी परका मानलेला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असं येशू विचारतो. त्या प्रश्नात दुखावलेपण आहे, हे मला खरं वाटतं. पण त्या नवांचं कातडं पुन्हा चिघळलं, असं तिथे लिहिलेलं नाही. ते बरे झाले ते झाले. आमच्या प्रत्येक संस्थेच्या दारावर ही गोष्ट लावावी असं मला वाटतं. नऊ जण परत येणार नाहीत हे धरूनच ज्याला दवाखाना चालवता येतो, त्याने तो येशूच्या नावाने चालवावा.

आता शरणपूर. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं, दवाखाने, कॅनडा कॉर्नरची गर्दी डोळ्यांपुढे येते. नावातच शरण आहे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शहराच्या पश्चिमेला ही वस्ती वसवली. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत असे. त्यांतली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात, आणि काहींना इथे आणलं जाई. ती इथे वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांना नाशिकची पोरं असंच नाव पडलं. १८६५ मध्ये आफ्रिकेत हिंडणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन इथे आला आणि यांतले नऊ जण त्याच्याबरोबर आफ्रिकेला गेले. पुढे गेलेल्या मदतीच्या तुकडीत जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग त्या माणसांनी ते शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, त्या वेळी शवपेटीसोबत चालण्याचा मान असलेल्यांत नाशिकला शिकलेला हा एके काळचा गुलामही होता.

मला या गोष्टीचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. दासाचं मरण पत्करलेल्या प्रभूच्या नावाने दासांना थारा देणारं गाव, माझं गाव. पण त्याच गोष्टीत एक काटा आहे आणि तो न बोचता पुढे जाणं मला जमत नाही. जेकब वेनराइट हे नाव त्याच्या आईने ठेवलेलं नव्हतं. समुद्रातून वाचवलेल्या, भाषा न कळणाऱ्या पोराला बाप्तिस्मा हवा का, असं विचारण्यात अर्थ तरी काय होता? तो नाही म्हणाला असता तर कुठे गेला असता? गुलामीतून सोडवणं हे निखळ देणं होतं. त्यानंतरचं सगळं तितकं निखळ होतं, असं मी म्हणू शकत नाही. ज्याच्याकडे दुसरी जागाच नाही त्याचा होकार आपण होकार म्हणून मोजू नये, ही गोष्ट आमच्या पूर्वजांना उमगली नाही. आम्हाला उमगायला हवी.

होकार कसा असतो ते याच जिल्ह्यातल्या एका बाईकडून शिकावं. लक्ष्मीबाई टिळक १८६८ मध्ये नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसारावर वीज पडली. काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही आपलं सोवळं पाळत राहिल्या, पाणी वेगळं, चूल वेगळी. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो जातीभेदाचा आपल्या मनाशी निकाल लावून, आपल्या वेळी. नवरा कवी, प्रचारक, घरात शब्दाला वजन असलेला. तरीही ही पाच वर्षं त्याला थांबावं लागलं, आणि ते थांबणं मला त्याच्या कवितेइतकंच ख्रिस्ती वाटतं.

आता जे प्रत्येक सेवेत आमिष पाहतात त्यांच्याशी बोलते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार होते, शंभरात एकही भरत नाही. यांतले पुष्कळ पूर्वाश्रमीच्या दलित कुटुंबांतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणजे इथे ख्रिस्ती होणाऱ्याच्या पदरात पडण्यापेक्षा हातातून जातंच जास्त. तरीही गहू-तांदळासाठी धर्म विकला असं कुणी म्हणतं, तेव्हा त्यात मिशनऱ्यांची निंदा कमी आणि त्या गरीब माणसाचा अपमान जास्त असतो. गरिबाला पोट असतं तसं डोकंही असतं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक धर्माचे लोक त्यांच्याकडे आले. त्यांनी एकवीस वर्षं घेतली. त्यांच्यामागून लाखो माणसं गेली, ती काय मिळतं हे पाहून नव्हे. काळारामाच्या दारात १९३० पासून पाच वर्षं उभं राहून ज्यांना आत घेतलं गेलं नाही, त्या माणसांना श्रद्धेची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि अट न घालता देणं ही काही आमची मक्तेदारी नाही. याच गोदावरीच्या काठी, पैठणला, एकनाथ महाराज झाले. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा मला शाळेत ख्रिस्ती नसलेल्या बाईंनी शिकवली आणि ती शिकवताना त्यांचा आवाज कापत होता. तहानलेल्याला पाजण्यात आमिष शोधायचं नसतं, हे या मातीला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

आमच्या मंडळीच्या बैठकीत मी हे मांडलं. मदतीच्या वहीतून धर्माचा रकाना काढा, वाटपाआधी प्रार्थना सक्तीची नको, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर त्याला विचारून करा आणि औषध बंद करायला कधीही सांगू नका. बहुतेकांना पटलं. एका वडीलधाऱ्यांनी कळकळीने विचारलं, "मग बाई, साक्ष कशी द्यायची? येशूचं नावच घ्यायचं नाही का?" घ्यायचं की. कुणी विचारलं तर भरभरून घ्यायचं. मी आत्ता हा लेख लिहिते आहे तेव्हा दुसरं काय करते आहे? उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन आमच्या देवळात क्रूसावरचे सात उद्गार होतात, तेव्हा दारं सताड उघडी असतात, ज्याला बसायचं त्याने बसावं. नाव घेणं आणि नावाची पावती फाडून घेणं या दोन गोष्टींत माझं भांडण दुसरीशी आहे. पण त्यांना त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही, कारण मला एक प्रसंग आठवला होता आणि तो बैठकीत सांगताना मला रडू आलं असतं.

मे २०२०. मुंबई-आग्रा महामार्गावर माणसांची रांग लागलेली. कसारा घाट चढून आलेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, उत्तरेकडे चाललेली. आम्ही सातआठ जण पोळी-भाजीची पाकिटं घेऊन रस्त्याकडेला उभे होतो. प्रत्येक पाकिटात मी आदल्या रात्री एकेक चिठ्ठी घातली होती, बायबलमधल्या एका वचनाची, हिंदीत, सुवाच्य अक्षरात. कष्ट घेऊन लिहिल्या होत्या. एका म्हाताऱ्याने पाकीट उघडलं, चिठ्ठी बाहेर काढली, उलटसुलट पाहिली आणि अदबीने मला परत दिली. "हमको पढ़ना नहीं आता, बेटी. चप्पल होगी?"

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. एका पायाला पायताणच नव्हतं, दुसऱ्याला फाटलेला बूट दोरीने बांधलेला. डांबर इतकं तापलं होतं की त्यावरची हवा थरथरताना दिसत होती. माझ्या हातात ती चिठ्ठी तशीच राहिली. शेजारी आमच्या मंडळीतले एक काका उभे होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, उपासनेत कधी मोठ्याने प्रार्थना न करणारे. ते खाली वाकले, आपल्या चामड्याच्या चपला काढल्या आणि त्याच्या पायांपुढे ठेवल्या. माप थोडं मोठं होतं. त्यांनी पिशवीची नाडी तोडून चपलेच्या पट्ट्यात आवळून बांधून दिली.

म्हाताऱ्याने चार पावलं चालून पाहिलं. मग मागे वळून विचारलं, "आप लोग कौन हैं?"

"नासिक के," काका म्हणाले, आणि अनवाणीच जाऊन त्यांनी स्कूटरला किक मारली, कारण टेम्पोतली पाकिटं संपत आली होती आणि आणखी आणायची होती.